मंगनीचे फोटो : कॅमेऱ्याआधी बोलणी



शाळेच्या सुट्ट्या आणि आखातातून येणाऱ्या भावाची किंवा चाचांची रजा यांचा मेळ घालून आपल्याकडे लग्नाच्या तारखा ठरतात. मध्ये रमजान आला तर तेवढा महिना थांबायचे, एरवी नोव्हेंबरपासून मेपर्यंत घरोघरी हीच धामधूम. पूर्वी मंगनी झाली की घरात तीन याद्या तयार व्हायच्या : दावतीची, कपड्यांची आणि भांड्यांची. आता चौथी यादी आली आहे आणि ती घरातले कोणी करत नाही, फोटोग्राफर करतो. तिचे नाव 'प्री-वेडिंग शूट'.

एका आईचे आम्हाला पत्र आले. मुलगी पदवीधर, मंगनी होऊन दोन महिने झालेले, निकाह चार महिन्यांवर. मुलाकडून व्हॉट्सअॅपवर एक यादी आली : काशीदच्या किनाऱ्यावर एक दिवस, कपड्यांचे तीन जोड, ड्रोन, तीन मिनिटांचा व्हिडिओ. खाली नमुन्याचे फोटो. हातात हात, कपाळाला कपाळ, मुलाने मुलीला उचललेले. आई लिहितात, "मुलीला विचारले तर म्हणते, तुम्ही ठरवाल तसे. तिचे अब्बू म्हणतात, नाही म्हटले तर रिश्त्यात खोट येईल. मी काय करू?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून या महिन्याचे पान आम्ही त्यालाच देत आहोत. 'सगळे हराम' असे एका ओळीत सांगून आम्ही हात झटकणार नाही, आणि 'जमाना बदलला आहे' म्हणून डोळेही मिटणार नाही. एकेक गोष्ट सुटी करून पाहू.

मंगनी म्हणजे काय, काय नाही

मंगनी हा वायदा आहे. निकाह हा करार आहे. करारात इजाब आणि कुबूल असते, साक्षीदार असतात, मेहर ठरते. वायद्यात यातले काही नसते. म्हणूनच मंगनी मोडली तर तलाक द्यावा लागत नाही, इद्दत बसत नाही, मेहरचा प्रश्न येत नाही. ही सोय शरीयतने मुलामुलींच्या भल्यासाठी ठेवली आहे. चौकशीत काही वावगे निघाले, स्वभाव जुळत नाहीत असे दिसले, तर दोन्ही घरांनी इज्जतीने मागे फिरावे. पण याच कारणाने मंगनी झालेली मुलगी आणि मुलगा अजून एकमेकांना नामहरमच असतात. अंगठी बोटात आली म्हणून त्यात फरक पडत नाही.

याचा अर्थ दोघांनी एकमेकांना पाहूच नये, असा मात्र नाही. हजरत मुगीरा बिन शोबा (रजि.) यांनी निकाहचा विचार बोलून दाखवला तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना त्या मुलीला पाहून घेण्यास सांगितले होते, कारण त्याने दोघांत प्रेम टिकण्याची आशा अधिक. आपल्याकडे अनेक घरे इतकेही करू देत नाहीत आणि नंतर एकदम शूटला पाठवतात. घरच्यांच्या बैठकीत मुलगी अर्धा तास मोकळेपणाने बोलली तर 'बेशरम' आणि परक्या फोटोग्राफरच्या सांगण्यावरून मान कलती करून उभी राहिली तर 'मॉडर्न', हे गणित आम्हाला तरी सुटलेले नाही.

फोटो काढावा की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. कोणी प्रत्येक फोटोला मनाई करतात, कोणी मोबाईलमधल्या डिजिटल चित्राला वेगळे मानतात. ज्या घरात जे मत पाळले जाते ते त्यांनी पाळावे. आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. शूटमध्ये कॅमेरा नंतर येतो, त्याआधी दोन नामहरम दिवसभर एकत्र प्रवास करतात, हात धरतात, एकमेकांना टेकतात. कॅमेरा नसता तर जे कोणत्याही अम्मीला चालले नसते, ते कॅमेरा आल्यामुळे कसे चालते?

फोटो राहतो, मंगनी राहीलच असे नाही

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. नाव, गाव सांगत नाही. मंगनी झाली, शूट झाले, चार फोटो मुलाकडच्यांनी स्टेटसला ठेवले. पुढे नोकरीबद्दल सांगितलेली माहिती खोटी निघाली आणि मुलीच्या वडिलांनी रिश्ता मोडला. योग्यच केले. वायदा होता, मोडता आला. पण फोटोग्राफरने आपल्या जाहिरातीच्या पानावर त्या दोघांचा एक फोटो लावला होता, तो तसाच राहिला. वर्षभराने दुसरा चांगला रिश्ता आला, तेव्हा कोणीतरी तो फोटो काढून नव्या घराला दाखवला. मुलीचा काही दोष नव्हता, दोष लपवणाऱ्याचा होता. तरीही खुलासा मुलीच्या बापाला करत बसावे लागले. त्या मुलाला कोणी एक प्रश्न विचारला नाही. फोटो काढून टाका म्हणून विनंती केली तर उत्तर मिळाले, "करारात लिहिले आहे."

म्हणून कायद्याची एक गोष्ट प्रत्येक घराने माहीत करून घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक फोटोग्राफर नसतो, काढून घेणारा असतो. मेख आहे ती 'वेगळा करार नसेल तर' या शब्दांत. अनेक फोटोग्राफर ज्या कागदावर सही घेतात त्यात बारीक अक्षरांत असते की हक्क त्यांचे आणि जाहिरातीसाठी वापरण्याची मुभाही त्यांना. आपण अॅडव्हान्सचा आकडा वाचतो आणि सही करतो.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. पैसे मुलाकडच्यांनी दिले, पावती मुलाच्या नावावर, म्हणजे काढून घेणारा तो. चेहरा मुलीचा, पण कागदावर ती कुठेच नाही. मंगनी मोडली तर तिचे फोटो कोणाच्या ताब्यात राहतील, याचा विचार बोलणीत कोणी करत नाही. अशुभ बोलू नये म्हणून गप्प बसतात. मेहर ठरवताना आपण अशुभ बोलतो का? कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा असे पवित्र कुरआन सांगते, ते वैर वाढावे म्हणून नव्हे.

क्रम बदलला तर?

आता उपाय. आमच्या माहितीतली काही घरे हा प्रश्न फार साधेपणाने सोडवतात. निकाह आधी, फोटो नंतर. जुमाच्या नमाजनंतर किंवा सकाळी मस्जिदीत अक्द होतो, रुखसती त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात किंवा वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी दोघे नवरा-बायको म्हणून फोटो काढून घेतात. हात धरला तर धरला, तो त्यांचा हक्क आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंड फिरवावे लागत नाही, मुलीला संकोच वाटत नाही. आणि खरे सांगायचे तर चेहऱ्यावरचे हसूही मोकळे असते.

मात्र एक इशारा. 'शूट करता यावे म्हणून निकाह चार महिने आधी उरकून टाकू' असे कोणी म्हणत असेल तर थांबा. निकाह हा निकाह असतो, फोटोचा परवाना नव्हे. रुखसतीआधी बिनसले तर मग वायदा मोडून भागत नाही. तलाक किंवा खुला घ्यावा लागतो. मेहर ठरलेली असेल आणि सहवासाआधी तलाक झाला तर ठरलेल्या मेहरची निम्मी रक्कम द्यावी लागते, हे सूरह बकराच्या २३७ व्या आयतीत आहे. चौकशी पुरी झाली असेल, दोघांची मनापासून रजामंदी असेल, रुखसतीला नोकरी किंवा घराच्या कारणाने वेळ लागणार असेल, तर निकाह लवकर करावा. कारण निकाहचे असावे, फोटोचे नको.

खर्चाचे दोन आकडे

शूटचा खर्च म्हणजे फोटोग्राफरची फी एवढाच आपला समज असतो. प्रत्यक्षात भाड्याची गाडी, मेकअपवाली, भाड्याचे कपडे, सोबत आलेल्यांचे जेवण-नाश्ता, मुक्काम असेल तर खोल्या, ड्रोनचे वेगळे पैसे, अल्बमचे वेगळे. एका दिवसाचा हिशेब सहज पाच आकडी होतो. बरेचदा हा खर्च 'अर्धा-अर्धा' म्हणून मुलीच्या बापावर येतो आणि तो नाही म्हणू शकत नाही. हुंडा घेत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्या घरांनीही याचा विचार करावा. मागितलेली वस्तू वेगळी असली तरी ज्या खिशातून पैसा जातो तो खिसा तोच आहे.

आम्ही एक सोपी कसोटी सुचवतो. एका कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. एक शूटचा पूर्ण खर्च, दुसरा ठरलेली मेहर. आणि प्रत्येकासमोर लिहा, कधी द्यायचा. शूटचे पैसे अॅडव्हान्स, उरलेले त्याच दिवशी. मेहर मात्र 'मुअज्जल' की 'मुवज्जल' या रकान्यात गेली की बहुतेक ठिकाणी मागाहून देण्याची. मागाहून म्हणजे कधी, हे विचारणारे कोणी नसते. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांची मेहर खुशीने द्यायला सांगितले आहे. फोटोग्राफरला नगद आणि बायकोला उधार, हा हिशेब आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिला तर त्यांना तो आपोआप कळेल. जो मुलगा शूटचे पैसे बाजूला काढून मेहर निकाहच्या मजलिशीतच देतो, त्याने नव्या घराची सुरुवात चांगली केली, असे आम्ही म्हणू.

फोटो काढायचेच असतील तर

आठवण जपावी असे वाटण्यात गैर नाही. मंगनीच्या दिवशी दोन्ही घरे एकत्र येतात, नानी-दादी असतात, दुबईहून आलेले मामू असतात. हे सगळे पुन्हा एका खोलीत येतीलच असे नाही. तेव्हा मंगनीचे फोटो हे दोन घरांचे फोटो असू द्या. मुलगी आपल्या अम्मी, सासू आणि नणंदांसोबत, मुलगा आपल्या अब्बू आणि सासऱ्यांसोबत, आणि एक मोठा फोटो सगळ्यांचा. यासाठी एक तास पुरतो. ज्या घरांत हे चालते त्यांच्यासाठी, आणि निकाहनंतर बाहेर जाऊन फोटो काढणाऱ्या जोडप्यांसाठीही, काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. फोटोग्राफरला सर्वांत चांगला उजेड हवा असतो तो सूर्य मावळण्याआधीच्या तासाभराचा. डिसेंबरात मुंबई-कोकणात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे असर आणि मगरिबच्या मधलाच वेळ. ठरवतानाच सांगा की असर पढून सुरुवात होईल आणि मगरिबच्या अजानला कॅमेरा बंद. आमच्या कोकणातल्या शाफई घरांना असरची वेळ लवकर मिळते, हनफी घरांना थोडी उशिरा. त्याप्रमाणे वेळ ठरवा. दोघांना सकाळ जमत असेल तर फज्रनंतरचा उजेडही तितकाच छान असतो आणि गर्दीही नसते.

दुसरी गोष्ट जागेची. घराचे अंगण, मामाची वाडी, गच्ची या जागांना परवानगी लागत नाही आणि बघेही जमत नाहीत. बीबी का मकबरा, दौलताबाद किंवा जंजिरा अशी ठिकाणे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत. तिथे मोबाईलवर फोटो काढणे वेगळे आणि ट्रायपॉड, लाइट घेऊन व्यावसायिक शूट करणे वेगळे. त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. 'आमची ओळख आहे, सांभाळून घेऊ' असे म्हणणाऱ्यावर विसंबू नका, गेटवर मान खाली मुलीच्या घरच्यांना घालावी लागते. जंजिऱ्याला राजपुरीहून होडीने जावे लागते आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो, हेही ध्यानात ठेवा. आणि मकबरा म्हणजे कबर, हे आपण तरी विसरू नये. आझमशहाने तो आपल्या आईसाठी, दिलरस बानूसाठी बांधला. तिथे जाऊन फातिहा पढावी, इमारत पाहावी. गळ्यात हात टाकून उभे राहण्याची ती जागा नाही.

ड्रोनचा हौसेने उल्लेख होतो. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आकाशाचे लाल, पिवळे, हिरवे असे विभाग आहेत आणि लाल विभागात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. उडवणाऱ्याला हे माहीत आहे का, ते विचारा. शिवाय ड्रोन आपल्यासोबत शेजारच्या गच्चीवरच्या बायकांनाही टिपतो. त्यांची रजामंदी कोणी घेतली?

तिसरी गोष्ट माणसांची. मुलींच्या फोटोंसाठी स्त्री फोटोग्राफर मिळाली तर उत्तम; मोठ्या शहरांत आता त्या मिळतात. पण एवढ्यावर समाधान मानू नका. फोटो बाई काढते आणि पुढे ते दुकानात संगणकावर बसलेला कोणी मुलगा आठ दिवस दुरुस्त करत असतो. एडिटिंग कोण करणार, हे आधीच विचारा. सोबत घरातले एखादे समंजस माणूस शेवटपर्यंत असावे, आणि त्याने मोबाईल पाहत गाडीत बसून राहू नये.

चौथी गोष्ट कागदाची. करारावर मुलगा आणि मुलगी दोघांची, किंवा दोन्ही घरांची नावे घाला. त्यात साध्या मराठीत एवढे लिहून घ्या : फोटोंचे हक्क आमचे; लेखी परवानगीशिवाय एकही फोटो जाहिरातीत, स्टेटसवर किंवा नमुना म्हणून दाखवायचा नाही; फोटो दिल्यानंतर अमुक तारखेला सगळ्या मूळ फायली खोडून टाकायच्या; कार्यक्रम रद्द झाला तर किती पैसे परत. चांगला फोटोग्राफर याला खळखळ करत नाही. जो करतो, त्याच्याकडे जाऊ नका. फोटो ऑनलाइन लिंकने येणार असतील तर ती लिंक कोणालाही उघडेल अशी नसावी, ठरावीक माणसांनाच उघडेल अशी करून घ्या. एकदा ती लिंक खानदानाच्या ग्रुपवर गेली की कुठे पोहोचली याचा पत्ता लागत नाही.

मुलांनाही विचारा

पर्द्याची चर्चा आपल्याकडे मुलीपासून सुरू होते आणि मुलीवरच संपते. सूरह नूरमध्ये मात्र नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी ईमानवाल्या पुरुषांना आहे, ३० व्या आयतीत. स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. तेव्हा शूटबद्दल पहिला प्रश्न मुलाच्या अम्मीने आपल्या मुलाला विचारावा : "बेटा, हे तुला हवे आहे की दोस्तांनी केले म्हणून?" अनेकदा उत्तर दुसरेच असते. मुलेही दबावाखाली असतात. दोस्ताने केले, त्याच्यापेक्षा भारी करायचे, एवढेच त्यात असते.

आणि मुलीचे 'तुम्ही ठरवाल तसे' हे उत्तर होकार समजू नका. आम्ही वर्गात रोज पाहतो, समजले का विचारले की सगळी मुले माना डोलावतात. खरे काय ते एकेकीला जवळ बोलावून विचारल्यावर कळते. मुलीला एकटीला विचारा, तिच्या खालाला किंवा मोठ्या बहिणीला विचारायला सांगा. प्रश्नही असा विचारा की नाही म्हणणे सोपे जाईल : "तुला अवघड वाटत असेल तर मी माझ्या नावावर नाही सांगते, तुझे नाव येणार नाही."

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आमचा सल्ला हाच. मुलीशी असे बोला. मग समधनबाईंना स्वतः फोन करा, निरोप पाठवू नका. शब्द हवे असतील तर हे घ्या : "बाजी, फोटो आम्हालाही हवेत. निकाह होऊ द्या, दुसऱ्या दिवशी दोघे तुमची मुले, तुम्ही म्हणाल तिथे खुशाल जाऊ दे. आत्ता मात्र आमच्या घरात हे चालत नाही, आमची एवढी लाज राखा." यात कोणाला उपदेश नाही, कोणाचा अपमान नाही. बोलणे अवघड वाटत असेल तर ज्यांनी रिश्ता आणला त्या मामू किंवा फुफीला मध्ये घ्या. मध्यस्थाचे काम मंगनीच्या मिठाईने संपत नाही.

आणि एवढ्या नम्र नकाराने जर रिश्त्यात खोट येत असेल, तर त्या घरात पुढे मुलीच्या मोठ्या 'नाही'ला किती जागा असेल, हे अब्बूंनी निकाहआधीच पाहून घेतलेले बरे. बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. बहुतेक सासवा मनातून सुटकेचा श्वास टाकतात, कारण नाही म्हणायची हिंमत त्यांनाही होत नव्हती.

या हंगामात ज्या ज्या घरी निकाह आहे, तिथे अल्लाह दोन्ही घरांत मोहब्बत आणि बरकत देवो, मुलींना सुखी ठेवो आणि मुलांना आपला शब्द आणि मेहर वेळेवर देण्याची तौफीक देवो. आमीन.